घोडेगावच्या रस्त्यावर मिळालेले हात

खरं सांगते, तेव्हा मी देवावर रुसले होते. सिस्टरने असं म्हणू नये, पण रुसले होते. माझं सगळं आयुष्य नेवासे तालुक्यातल्या एका लहानशा मिशन दवाखान्यात बाळंतपणं करण्यात गेलं. माझ्या हातावर जन्मलेल्या पोरी पुढे बाळंतपणाला माझ्याकडेच आल्या. आणि मग हे हातच थरथरायला लागले. आधी चहाची कपबशी वाजायची, मग सुईत दोरा जाईना. मदरनी प्रेमानेच कळवलं, सिस्टर, आता आपल्या सावेडीच्या मठात राहायला या, विश्रांती घ्या. आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं, तेव्हा "हो मदर" म्हणाले. पण चॅपेलमध्ये एकटी बसून प्रभूला विचारलं, व्रत घेताना हे हात तुला देऊन टाकले होते ना? मग दिलेली वस्तू मोडकी करून परत का करतोस? तो लगेच बोलत नाही, हे एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

निघाले. जीप दवाखान्याचा ड्रायव्हर जोसेफ चालवत होता. हाही माझ्याच हातावरचा, आता त्याचे केस पिकलेत. ट्रंक टपावर बांधलेली आणि बाळंतपणाची पिशवी मांडीवर. ती मागे ठेवायला मन होईना. घोडेगावला जनावरांचा बाजार, त्यामुळे रस्ता तुंबलेला. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, मधे म्हशी. तेवढ्यात शेजारच्या रिक्षातून कण्हणं ऐकू आलं. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

उतरून पाहिलं, तर आत एक तरुण पोर घामाने भिजलेली, आणि तिची सासू रडकुंडीला आलेली. "अवो सिस्टर, देवच भेटला बघा!" असं म्हणून तिने माझे पाय धरले. ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, पण ती या गर्दीतून येणार कुठून? पोरीला जीपच्या मागच्या बाजूला आडवं केलं. पाहते तर बाळाचं डोकं दिसायला लागलेलं. घाईघाईने पिशवीतून ग्लोव्हज काढले, पण माझे हात इतके कापत होते की बोटं आत जाईनात. सासू तर माझ्यापेक्षा जास्त थरथरत होती. मनात म्हटलं, प्रभू, आता रुसायला वेळ नाही. काय करू ते सांग.

त्याच वेळी म्हैस घेऊन निघालेली एक बाई थांबली. धिप्पाड, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने जोसेफच्या हातात दावं दिलं आणि आत डोकावली. "काय करायचं ते सांगा, मी करते."

"आधी हात धू. बाळंतपण केलंय कधी?"

"म्हशींची केल्यात. मानसाचं न्हाई."

"आई ती आईच. घाल ग्लोव्हज."

मी पोरीच्या उशाशी बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सांगत गेले. बाई ऐकत गेली. डोकं बाहेर आलं आणि ती एकदम थबकली. "सिस्टर, गळ्यात नाळ हाय वो!"

मरियामाईला हाक मारली ती मनातच. तोंडाने म्हटलं, "सैल आहे का? मग बोट खाली घाल. अलगद डोक्यावरून काढ. ओढू नको." तिने बोट घातलं, हळूहळू वर सरकवलं. मग म्हणाली, "निघाली."

बाळ आलं, पण रडेना. "टॉवेलने पाठ चोळ. अजून चोळ."

ती चोळत होती आणि त्याला दटावत होती, "रड की रं! बाजारात येऊन गप बसतंय व्हय कुनी?"

आणि ते रडलं. काय रडलं म्हणता! टेम्पोवाल्यांनी शिट्ट्या मारल्या आणि स्वतःच गाड्या मागेपुढे करून आम्हाला वाट काढून दिली.

बाई हात धूत म्हणाली, "माझी म्हस कुठंय?"

बाहेरून जोसेफ ओरडला, "इथंच हाय! माझा पाय तिच्या खुराखाली हाय!"

ती हसतच दावं घेऊन गर्दीत गेली. आम्ही बाळ-बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवलं, दोघंही सुखरूप. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

हा चमत्कार होता का, ते मी सांगणार नाही. बाजाराच्या दिवशी त्या रस्त्याला म्हैस घेऊन कुणीही येतं. पण मी माझे हात परत मागत होते आणि त्याने मला दुसऱ्या कुणाचे तरी दिले, एवढं मला कळलं. नाळ कशी सोडवायची ते मला ठाऊक होतं, आणि ती सोडवणारे हात तिचे होते. माझे दिलेले हात त्याने परत केलेच नव्हते. एकटीने सगळं करायची माझी सवय तेवढी तो सोडवत होता.

आता सावेडीच्या चॅपेलमध्ये संध्याकाळी जपमाळ घेतली की मणी एकमेकांवर वाजतात. सुरुवातीला मी हात पदराखाली लपवायची. शेजारची तरुण सिस्टर हळूच विचारते, "सिस्टर, माळ मी धरू का?"

मी म्हणते, "धर गं बाई."