दाजींचं दुमजली झाकण

दाजी पाण्याची बाटली कानाशी धरून उघडत. लग्नाचा मांडव असो, साखरपुडा असो, नाहीतर गावातली मीटिंग असो. समोर बाटली आली की ती आधी उजव्या कानाजवळ जायची, मग डोळे मिटायचे, आणि मग झाकण फिरायचं. 'कट्' असा स्वच्छ आवाज आला की डोळे उघडून शेजारच्याला सांगायचे, "बोललं." आवाज दबका आला तर तोंड कडू करून म्हणायचे, "घसा बसलाय ह्याचा." झाकण मग खिशात जाई. माझ्या लग्नात दाजींच्या मुठीतून अक्षतांबरोबर एक निळं झाकणही आलं आणि नेमकं माझ्या कपाळाला लागलं. फोटोत मी त्यामुळे वैतागलेला दिसतो. बायकोची अजून समजूत आहे, की मला ते लग्न करायचंच नव्हतं.

हिरामण दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकूआक्काचे यजमान. वडिवळ्याला भाताची चार खाचरं, आणि नोकरी नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात, साचे घडवायच्या विभागात. ज्या पोलादी साच्यांतून बाटल्यांची झाकणं पडतात ते साचे दाजी तीस वर्षं घडवत होते. एका साच्यात झाकणांची बरीच घरं असतात, आणि प्रत्येक घरात त्याचा नंबर कोरलेला असतो. तो झाकणावर बारीक उमटतो. हे मला दाजींनी किमान चाळीस वेळा सांगितलं असेल.

"लोक तारीक बघत्यात, किंमत बघत्यात. नंबर कुनी बघत न्हाई," ते म्हणायचे. "पर झाकान गळालं तर त्यो नंबरच सांगतो, कुठल्या घरात चुकलं. चुकनार तर हायेच, पावनं. कुटं चुकलं ते घावलं पायजे."

'पावनं' म्हणजे मी. आमच्याकडे काहीही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. त्याला कारणं आहेत, पण ती इथे सांगत बसत नाही. मी लोणावळ्यात लोकांच्या बंगल्यांची देखभाल करतो, म्हणजे मालक नसताना त्यांच्या व्हरांड्यात बसून चहा पितो. उरलेल्या वेळात बोलतो. दाजी म्हणायचे, "पावन्याच्या तोंडाला झाकान बसवायचा साचा अजून कुनाला जमला न्हाई."

दाजी निवृत्त झाले तेव्हा आक्काने भाजे लेण्यांच्या वाटेवर करवंदाच्या सरबताची टपरी टाकली होती. सरबत फक्कड. पण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं यायची, बर्फातल्या काळ्या-पिवळ्या बाटल्या उचलायची आणि आक्काच्या जांभळ्या बाटल्यांकडे औषधाकडे बघावं तसं बघायची. एकदा तिथे बाकावर बसून तिसरी बाटली फुकट पीत असताना मी सहज बोलून गेलो, "दाजी, झाकणात एखादं खेळणं लपवा. पोरं आपोआप येतील."

माझ्या बोलण्याकडे आयुष्यात कुणी लक्ष दिलेलं नाही, त्यामुळे मी बेसावध होतो. दाजींनी हातातलं झाकण उलटं केलं, सुलटं केलं, आणि त्यानंतर दोन महिने ते फारसे दिसलेच नाहीत.

वडिवळ्याच्या गोठ्यात म्हशीच्या जागी एक जुनं मशीन आलं. दांडा ओढला की पातळ झालेलं प्लास्टिक साच्यात शिरतं, असं. आक्का म्हणाली, "म्हस निदान दूध द्यायची." दाजींनी झाकण दुमजली केलं. खालचा मजला बाटलीचा, मधे घट्ट पडदा, वरच्या मजल्यावर खेळणं. वरचं फिरवलं की एक 'कट्', खालचं फिरवलं की दुसरा. "एक गमतीचा, एक तहानंचा," दाजी म्हणाले. ते झाकण घातलेली बाटली फेटा बांधलेल्या नवरदेवासारखी दिसायची.

साच्यात सहा घरं होती, म्हणून खेळणी सहा: बैल, रेल्वेचं इंजिन, भात लावणारी बाई, खेकडा, किल्ल्याचा बुरूज, आणि वाऱ्याने छत्री उलटलेला पाहुणा. पोराच्या घशात जाऊ नये म्हणून प्रत्येक खेळणं चांगलं लिंबाएवढं. त्याचं माप माझ्यावर घेतलं गेलं. "आ करा, पावनं. तुमचं उघडंच असतंय म्हना," असं म्हणून दाजींनी प्लास्टिकचा बैल माझ्या तोंडात कोंबून पाहिला. मग खेळण्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख कुठे जरा जरी अडकलं, तरी ते खेळणं परत वितळायला.

सगळं झाल्यावर एका संध्याकाळी ते ओट्यावर बसले आणि एरवी कधी बोलत नसत असं बोलले. "तीस वरसं दुसऱ्यांच्या बाटल्यांना टोप्या शिवल्या. ही पयली आपली. लोनावळ्याच्या दुकानात एकदा दिसली म्हंजे झालं." मी म्हटलं, दिसेल. ज्यांचा बंगला मी सांभाळतो ते शेठ लोणावळ्यात सरबतं भरून विकतात. मी त्यांच्या कानावर घातलं, आणि ते एका रविवारी भाज्याला झाकण बघायला येतो म्हणाले.

त्या रविवारपर्यंत टपरीवर एक विचित्र प्रकार सुरू झाला होता. खेकडे संपायचे. बैल, बुरूज, पाहुणे शिल्लक राहायचे, आणि खेकडे मात्र टपरीवर आले की तासाभरात गायब. खेळणं तर झाकणात लपलेलं. आम्हाला काही उलगडेना.

शेठ आले. गॉगल कपाळावर चढवून त्यांनी झाकणाचे दोन्ही 'कट्' ऐकले आणि खूश होऊन म्हणाले, "काका, एकदम फर्स्ट क्लास! आत काय निघणार ते कळतच नाही, हीच तर मजा आहे."

"कळतंय की," शेजारून आवाज आला. वरच्या ठाकरवाडीतली काशीमावशी. आक्काला करवंदं तीच आणून द्यायची आणि दिवसभर टपरीपाशी बसायची. शाळेची पायरी कधी न चढलेली बाई. तिने बाटल्यांच्या रांगेवरून हात फिरवला आणि एक उचलली. "ह्या उलट्या खुर्चीत खेकडा. ह्या दांड्याच्या मडक्यात पावना. काठीत बैल."

आम्ही वाकून बघितलं. झाकणावर बारीक उमटलेला चार, उलट्या खुर्चीसारखाच. दाजींनी तीस वर्षांच्या सवयीने सहाही घरांत नंबर कोरले होते, आणि चार नंबरच्या झाकणात चार नंबरचंच खेळणं घालत होते. उद्या कुणाची तक्रार आली तर! जगात खेळणं लपवणारी झाकणं अनेकांनी केली असतील, पण आत काय लपवलंय ते वर लिहून ठेवणारे आमचे दाजीच.

शेठ पोट धरून हसले. मग म्हणाले, "काका, नंबर काढून टाका. आणि खेकडा रेअर करा. शंभरात एक. पोरं वेडी होतील."

"म्हंजी नव्व्यान्नव पोरं नाराज करायची?"

"बिझनेस आहे, काका. शनिवारी अकराला नंबर नसलेला डबाभर माल घेऊन ऑफिसला या. पसंत पडला तर सगळ्या बाटल्यांना तुमचंच झाकण."

आठवडाभर घरात धुसफूस. आक्का म्हणाली, "त्या नंबराची काय पूजा करायचीय व्हय? एवढं दुकानात दिसायचं म्हनताय, तर काडा की." शेवटी दाजींनी साच्यातले सहाही नंबर बुजवले. गोठ्यातून बाहेर आले तेव्हा चेहरा असा, की कुणाची तरी पाटी पुसून आलेत.

शनिवारी आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. मागे दाजी, धुतलेलं धोतर, मांडीवर नंबर नसलेल्या झाकणांचा डबा. कामशेतहून मळवलीला आलो आणि आक्काला सांगून जाऊ म्हणून भाज्याकडे वळलो. आक्का टपरीच्या बाहेरच उभी होती. सकाळी एका बाईने खेकडा झाकणासकट परत आणून दिला होता. पोरानं तोंडात घातला आणि नांगी तुटून जिभेवर आली. पोराला काही झालं नव्हतं, पण बाई तावातावाने बोलून गेली होती.

दाजींनी तुटल्या जागेवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग झाकण बघितलं. "च्यार नंबर. साच्यात नांगीच्या बुडाला चीर गेलीया." मग त्यांनी मांडीवरचा डबा उघडला. आत शंभर झाकणं, सगळी कोरी, सगळी सारखी. त्यांतल्या कशात खेकडा होता आणि कशात नव्हता, ते न उघडता खुद्द दाजींना सांगता येईना. त्यांनी डबा बंद करून टपरीच्या बाकाखाली सरकवला.

"अगं, च्यार नंबरचं सारं कुटं गेलं?"

आक्काने वर ठाकरवाडीकडे बोट केलं. ही एक सोडली तर बाकी सगळ्या उलट्या खुर्च्या काशीमावशीने करवंदांच्या बदल्यात वाडीतल्या पोरांसाठी नेल्या होत्या.

"पावनं, शेठला फोन लावा."

मी लावला, आणि सवयीने सांगितलं, की स्कूटर पंक्चर झालीय, शिवाय रस्त्यात झाड पडलंय, शिवाय... दाजींनी फोन काढून घेतला. "शेठ, झाड-बीड काय पडल्यालं न्हाई. खेकड्याची नांगी तुटतीया. ल्हान पोरांच्या हातात हायेत, आदी ते गोळा करतो. आज यायाचं न्हाई जमत."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. दाजी म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या." आणि फोन मला परत दिला. तीस वर्षांची इच्छा एवढ्या वेळात मिटली. मला अजून दोन कारणं सुचली होती.

वाडीवर काशीमावशीने दारातच अडवलं. "दिल्यालं माघारी मागाया आलास व्हय, भाऊ?" पोरांनी खेकडे पाठीमागे लपवले. दाजी दगडावर बसले, खिशातून छोटी कानस काढली आणि सांगितलं, की माघारी नकोत, नुसत्या नांग्या घासून काढतो. त्यावर झग्याला गाठ मारलेली एक मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, "बिननांगीचा खेकडा कसला?"

दाजी तिलाच विचारू लागले. "वड्यातल्या खेकड्याची नांगी तुटली तर काय व्हतं?"

"नवी फुटती."

"किती दिसांनी?"

"कात टाकली की."

"मग झालं तर. पुढल्या पावसाळ्यात नव्या नांग्या घेऊन येतो."

हे वाडीला पटलं. पोरं रांगेत बसली. दाजी एकेक खेकडा घ्यायचे, नांग्या काढायचे, घासायचे, नख फिरवायचे आणि परत द्यायचे. काशीमावशीच्या हिशेबाने एकतीस खेकडे नेलेले, तीसच भरले. एकासाठी सबंध वाडी धुंडाळली, चुलीमागे, कोंबड्यांच्या खुराड्यात. दाजी उठायलाच तयार नाहीत. शेवटी आक्काचा फोन आला, "तुमच्या पावन्याच्या चाव्यांना काय लोंबतंय ते बगा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मागच्या आठवड्यात काशीमावशीच्या टोपलीतून मी एक उचलला होता, लोणावळ्यात मिरवायला.

कोऱ्या झाकणांचा डबा दाजींनी त्याच संध्याकाळी वितळवला. साच्यात नंबर पुन्हा कोरले, पहिल्यापेक्षा मोठे. पुढच्या पावसाळ्यात नांगी जाड करून एकतीस खेकडे वाडीवर पोचते केले. लोणावळ्याच्या दुकानात ते झाकण कधीच दिसलं नाही. मी एकदा त्याबद्दल हळहळलो, तर म्हणाले, "दिसलं असतं, पर कुनाचं ते मला वळखता आलं नसतं." भाज्याला मात्र टपरी रंगली. पोरं झाकणावरचे नंबर शोधायला गर्दी करायची आणि काशीमावशी त्यांना अंक शिकवायची: खुर्ची, मडकं, काठी.

गेल्या मार्गशीर्षात दाजी गेले. भाताची झोडणी उरकून ओट्यावर टेकले ते टेकलेच. महिन्याभराने मी वडिवळ्याला गेलो, तर आक्काने हत्यारांच्या पेटीतून एक दुमजली झाकण काढून माझ्यापुढे ठेवलं. पांढरं. त्यावर नंबर नव्हता.

"तुजं हाय. भाऊबीजेला द्यायचं म्हनत व्हते, पर पोट आनखी वाडवायचं ऱ्हायलं म्हनून ठेवलं."

मी झाकण कानाशी नेलं. का ते मला माहीत नाही. डोळे मिटले आणि फिरवलं. बोललं.

आत एक बसका माणूस होता. साच्यातून काढलेला नव्हे, हाताने कोरलेला. एका हातात सरबताची बाटली, कमरेला चाव्या, चाव्यांना मोहरीएवढा खेकडा, आणि तोंड सताड उघडं. मी पोटावरून नख फिरवलं, उघड्या तोंडाच्या कडेवरून फिरवलं. कुठेच अडकलं नाही.

"आक्का," मी जमेल तसं विचारलं, "दाजींनी याला नंबर कसा नाही टाकला?"

आक्का महिन्याभरात पहिल्यांदा हसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी बी इचारलं व्हतं. म्हनले, पावन्याला नंबर कशाला? कुटं चुकलं ते साऱ्या गावाला म्हाईत असतंय."