समुद्राचं सोडून सांग

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी शालिग्रामपुढं पाण्याचा पेला धरला. त्यानं तो घेतला, ओठांपाशी नेला, आणि त्याच्या गळ्याच्या शिरा अशा ताठल्या की पेला भिंतीवर जाऊन आदळला. मग डॉक्टरांनी एका वहीनं त्याच्या तोंडावर नुसता वारा घातला. तेवढ्यानंही त्याचा गळा आवळला.

डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन आले. "हायड्रोफोबिया," म्हणाले. म्हणजे पाण्याची भीती. पिसाळलेल्या कुत्र्याचं विष मेंदूपर्यंत पोचलं की असं होतं.

"यावर औषध?"

"होतं. दोन महिन्यांपूर्वी होतं. तुम्ही स्वतः चौदा इंजेक्शनं घेऊन गेलात ना इथून? मग यांना का नाही आणलं?"

त्यांना मी उत्तर दिलं नाही. इथं देतो.

मी अमडापूरला शाळामास्तर. शालिग्राम तिथलाच, मिरची-वांगी लावणारा, माझ्याच वयाचा. एका बाजाराच्या दिवशी त्याच्या बैलगाडीखाली एक कुत्रं लाळ गाळत बसलं होतं. लोक म्हणाले, मास्तर, नादी लागू नका. पण भोवती चार माणसं जमली की माझं डोकं बंद पडतं आणि तोंड चालू होतं. "हे माझ्या चौथीतलं दिसते," असं म्हणून मी त्याला छडी दाखवली. ते माझ्या पोटरीला डसलं. शालिग्राम सोडवायला धावला, तर त्याच्या मनगटाला. तिसऱ्या दिवशी कुत्रं नाल्यात मेलेलं सापडलं.

मला हेडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी जबरदस्तीनं एसटीत बसवलं. शालिग्रामची मिरची तोडायला आली होती. "दोन दिवसांनी येतो," म्हणाला.

अँटिरेबीज व्हॅक्सिन, म्हणजे कुत्रं चावल्यावर द्यायची लस. रोज एक, चौदा दिवस, बेंबीच्या आजूबाजूला. आता खरं लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी कधी कुत्रं चावेलच. सुई बोटाच्या दोन पेरांएवढी असते. लाल मुंगी चावल्यासारखं वाटतं. नंतर तिथं गाठ येते, खाजते, धोतर सैल नेसावं लागतं. बस.

पहिली सुई घेऊन आलो त्या संध्याकाळी हॉटेलात चहा पिताना मी सांगितलं ते वेगळंच. सुई म्हणजे सायकलची तार. दोन वॉर्डबॉय छातीवर बसतात, तिसरा पाय धरतो, आणि डॉक्टर लांबून पळत येतात. मी ते पळणं करून दाखवलं. लोकांच्या कपांतला चहा डचमळला.

शालिग्राम हसला, पण अर्धवट. "खरं सांग बे मास्तर, लय दुखते का?"

सगळं हॉटेल माझ्याकडं बघत होतं. एक शब्द बोलायचा होता, 'नाही'. मी म्हणालो, "कायचं दुखते बे? सुई टोचली की माणूस शुद्धीवरच नसते."

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तोच. शालिग्रामही त्यात सामील झाला.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या खेड्यात एका माणसाकडं गेला. तो चावलेल्याच्या पाठीला पितळेची थाळी लावायचा. विष असेतोवर थाळी चिकटून राहते आणि उतरलं की पडते, असं म्हणायचे. शालिग्रामची थाळी घटकाभरात पडली. "माझी थाळी, तुही सुई," तो मला म्हणाला. "पाहू कोण आधी मरते." मी म्हणालो, "तुह्या पाठीवर घाम होता, म्हणून चिकटली." पुन्हा हशा. पुढचे तेरा दिवस मी एसटीनं बुलढाण्याला गेलो. एकाही दिवशी त्याला हाताला धरून सोबत नेलं नाही.

दोन महिने गेले. एकदा तो म्हणाला, मनगटात मुंग्या येऊन राह्यल्या. मी म्हणालो, मिरच्या तोडून तोडून. पहिलं लक्षण तेच असतं, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं.

त्याच आठवड्यात जत्रेत तंबूचा सिनेमा आला. मुख्य खेळाआधी मालकानं एक जपानी सिनेमा लावला. त्यात माणसं नाहीत, नुसती हातानं काढलेली चित्रं, पण ती चालतात, धावतात, रडतात. कोल्ह्याचं एक पिल्लू समुद्र बघायला निघतं, एवढीच गोष्ट. भाषा जपानी. मग मास्तरांना कोण अडवणार? पिल्लाच्या वाटचं मी बोलू लागलो. "मायबाई, पाय दुखून राह्यले. काऊन वो, एसटी गेली का?" आसपासची माणसं लोटपोट. शालिग्राम माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होता. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

मग समुद्र आला. पडदाभर निळं पाणी आणि लाटांचा आवाज. शालिग्रामनं गळा धरला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, गंमत करतोय. मी पिल्लाच्या आवाजात ओरडलो, "शालिग्रामभाऊले समुद्र लागला." तंबू हसला. त्यानंही हसायचा प्रयत्न केला, त्याचा घोगरा आवाज आला.

सकाळी त्याच्या बायकोनं, गोदावहिनींनी, चहा दिला. तो घशाखाली उतरेना. मग पाणी दिलं. मग मला बोलावलं.

दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. दाराला पडदा, वारा नको, नळाचा आवाज नको. या रोगाचा दुष्टपणा असा की मधेमधे माणूस अगदी शुद्धीवर असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तसा शुद्धीवर आला. हातपाय कॉटला बांधलेले होते.

"मास्तर, त्या पिल्लाचा सिनेमा सांग."

मी सुरू केलं.

"समुद्राचं सोडून सांग."

मी सांगू लागलो. पिल्लू निघालं. पुढं नदी होती, ती गाळली. पाऊस होता, तो गाळला. विहिरीवर एक म्हातारी भेटते, तिला रस्त्यावर आणून बसवलं. त्या सिनेमात किती पाणी होतं, ते मला तेव्हा कळलं. शेवटी बांबूचं बन आणि डोंगर तेवढे उरले.

"मंग कुठं पोचलं ते?"

"घरी."

"हाव," तो म्हणाला. थोड्या वेळानं विचारलं, "सुई केवढी होती बे?"

मी बोटाची दोन पेरं दाखवली. त्यानं बराच वेळ त्या बोटाकडं पाहिलं.

"एवढीच," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मला काही झालं नाही. लस चांगली असते.

म्हणून सांगतो. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेजारचा कोणी रंगवून सांगू लागला तर त्याच्या तोंडासमोरून उठून जा. तो मी असलो तरी.

पुढच्या वर्षी तो सिनेमा चिखलीला लागला. गोदावहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, त्याईनं शेवटचा पाह्यला तो सिनेमा मले दाखवा. आम्ही तिघं गेलो. पिल्लू बोलू लागलं तसं वहिनींनी विचारलं, "काय म्हणते ते, भाऊजी?"

"मले नाही समजत, वहिनी."

समुद्र आला. त्या लाटांच्या आवाजातच मी त्यांना हॉटेलातलं सगळं सांगून टाकलं. ते एक वर्ष पोटात धरून बसलो होतो. वाटलं, आता या उठतील.

"मले माहीत आहे," त्या पडद्याकडं बघत म्हणाल्या. "तुमच्यावाणी करून दाखवलं होतं त्याईनं घरी. डॉक्टर कसा पयत येते ते बी. मी पोट धरून हासली. मंग मीच म्हणलं, नका जाऊ."

माझ्या बायकोनं त्यांचा हात हातात घेतला. सिनेमा संपेपर्यंत त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या, त्याचे उपकार मी फेडू शकणार नाही. टक्कल पडलेला मास्तर पोरासोरांचा सिनेमा बघायला गावोगाव का जातो, असं लोक विचारतात. जिथं लागेल तिथं मी जातो. पिल्लू काय म्हणतं ते मला अजून ठाऊक नाही. मी गप्प बसून ऐकतो.