तोरणाखालची गाडी

सकाळी उठले की बबनराव आधी गोठ्यात जायचे आणि खुंट्याला टाचेने लाथ हाणायचे. खुंटा हलला नाही तरच चूळ भरायची. ते लहान असताना खुंटा उपटून सुटलेल्या बैलाने त्यांच्या काकाला अंगणातच तुडवलं होतं. बैलावर कुणी राग धरला नाही. खुंटा सैल ठेवणाऱ्या माणसाची चूक, एवढंच आजोबा म्हणाले, आणि ती लाथ घराला लागून राहिली.

पांढरकवड्याजवळच्या त्यांच्या गावात पोळ्याचा मान याच घराचा. आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, सगळ्या जोड्या ताटकळत उभ्या राहायच्या. बबनरावांचे बैल मोरक्या आणि हरण्या तोरणाखालून गेल्याशिवाय कुणाची हलायची नाही.

मग त्यांच्या मुलाने, कपिलने, गाडी आणली. हायवेत गेलेल्या शेताच्या पट्टीचे पैसे हातात होते, आणि हैदराबादच्या कुणा शौकिनाने वापरून सोडलेली ती लाल, दोन दारांची, जमिनीला पोट घासणारी गाडी साध्या नव्या गाडीच्या भावात मिळत होती. "बाबा, आवाज ऐका," म्हणत त्याने रेस दिली, तेव्हा गोठ्यात मोरक्याने दाव्याला हिसडा मारला. खुंटा हलला नाही.

शाळेसमोरच्या गतिरोधकावर गाडीचं पोट अडकलं, तर कपिलने भर दुपारी टिकास आणून तो फोडला. अडवायला आलेल्या शेजारच्या फकिराला त्याच टिकासाच्या दांड्याने हाणलं. फकिराचं डावं मनगट तेव्हापासून वाकडं. पुढे गिअरबॉक्स गेला. हायवेवरचा मिस्त्री साजिद गाडीखालून सरकत बाहेर आला. "कपिलभाऊ, गाडी जुनी घेतली म्हणून पार्ट जुन्या भावात येत नाही. इची भूक नव्या गाडीचीच हाये."

पट्टीचे पैसे त्या भुकेत गेले. आई विमलताईंच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी गेली. मग एकदा बबनराव कळंबहून लग्न उरकून परतले, तर खुंट्याला नुसती कापलेली दावी.

"बैल कुठी हायेत बे?"

"नागोरावकाकाले इकून देले. ट्रॅक्टर येते ना आता, बाबा. कायले पोसता?"

बबनरावांनी पहिल्यांदा पोरावर हात उचलला. पोराने त्यांना ढकललं. चौकटीवर तोंड आपटून पुढचा दात पडला. विमलताई रक्त पुसू लागल्या, तर म्हणाले, "दाताचं जाऊ दे. पोळ्याले काय करू?"

कारण गावातल्याच नागोरावांना नांगराला बैल नको होते, मान हवा होता. ज्याच्या हातात ही जोडी, मान त्याचा, असं ते गावभर बोलत होते.

पोळ्याच्या दिवशी कपिल बापासमोर येऊन बसला. "मान घराचा हाये, बैलाचा नाही. आपली गाडी जाईन तोरणाखालून."

त्याला तेव्हाच हाकलायला हवं होतं. पण दाताच्या खळग्यावर जीभ फिरवत बबनराव उठले आणि त्यांनी मोरक्याचं बाशिंग आणलं. ते बॉनेटवर बांधलं. टपावर झूल टाकली. बैलांच्या खांद्यांना लावतात तशी चाकांना हळद लावली.

आखराकडे ते गाडीच्या पुढे चालत निघाले, जोडीपुढे चालायचे तसे.

"बबनराव, जनावर कोण्या जातीचं वो?" कुणीतरी ओरडलं. "दूध देते काय?"

हसण्याची लाट गेली. नागोराव हसले नाहीत. "मशीनले मान नाही. मांगं घे."

"घराचा मान हाये," बबनराव म्हणाले.

पहिला दगड फकिराचा होता, धड हाताने मारलेला. काच फुटली. मग काठ्या पडू लागल्या. एक काठी फुटक्या काचेतून आत घुसली आणि कपिलची भुवई फाटली. त्याने रेस दिली. सायलेन्सरमधून गोळ्या सुटाव्या तसा आवाज झाला आणि साऱ्या जोड्या एकदम उधळल्या. बायका पोरं छातीशी धरून भिंतींकडे धावल्या. मोरक्या कासऱ्यासकट नागोरावांना फरफटत घेऊन आला.

बबनराव आडवे गेले, वेसण धरली. "हो... हो, बापू." हात ओळखून बैल थांबला. थरथरत, फेस गाळत, पण थांबला. तोरणाच्या खाली, गाडीच्या समोर.

टपावर काठ्या पडतच होत्या. कपिलच्या डोळ्यांत रक्त होतं. त्याला फक्त निसटायचं होतं. गावच्या रस्त्यावर कधी नीट न चाललेली गाडी त्या क्षणी मात्र झेपावली. मोरक्याचे पुढचे पाय मोडले, तो बॉनेटवर कोसळला, आणि मध्ये बबनराव सापडले.

लोकांनी कपिलला ओढून काढलं, तो हलायचा थांबेपर्यंत मारलं. मोरक्या गाडीवर मान टाकून पडला होता, डोळे उघडे. त्या गाडीत माणूस आडवा निजवायला जागा नव्हती. बबनरावांना फकिरानेच आपल्या पिकअपमध्ये घातलं. पांढरकवड्याच्या वाटेवर विमलताईंच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. तोंडातून रक्त येत होतं, आवाज मात्र रोजच्या सकाळचा.

"कपिलची माय, मोरक्याले पाणी पाज आंधी. मंग चहा मांड."