मोठी बॅटरी, छोटी बॅटरी

दुकानदाराने मला फसवलं. भांडभांडून मी मोठी एलईडी बॅटरी छोटीच्या किमतीत घेतली आणि जिंकल्यासारखा घरी आलो. संध्याकाळी वीज गेली. गोठ्यात बायको म्हणाली, "अहो, हिला धरू कुठे? धार काढायला दोन्ही हात लागतात." तिने जुनी, मिणमिणती छोटी बॅटरी दातांत धरली आणि ती म्हशीखाली बसली. उजेड नेमका चरवीत पडला.

पण तिच्या मागे कडब्याजवळ गच्च अंधार होता. परवा तिथूनच साप निघाला होता. "मागचं दिसतंय का तुला?" मी विचारलं. तोंडात बॅटरी असल्याने ती नुसतं "हूं" म्हणाली. मी मोठी पेटवली. गोठा लख्ख झाला आणि म्हैस बुजली. तोंडातली बॅटरी काढून बायको ओरडली, "विझवा ती आधी!"

विझवून तसाच उभा राहिलो. तिला हातापुरतं दिसावं की कडब्यापर्यंतचं, मला काही उमगेना. वस्तू हातात घेतली की मी आधी भाव विचारतो. उजेडही कुणाला तरी धरावा लागतो, हे कधी मनातच आलं नव्हतं. पण दुकानदार तर रोज बॅटऱ्या विकतो! उजेड कशासाठी हवा, हे त्याने मला एकदाही का विचारलं नाही? याचं उत्तर त्यानेच द्यावं.