फुईसमोरचं इंग्रजी

इंग्रजांच्या काळात, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी रेल्वेच्या नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा माझं इंग्रजी कागदावर पक्कं होतं. बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळ्याला चिकटे. मुलाखतीच्या सरावात प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्हाला ही नोकरी का हवी?" उत्तर पाठ होतं, तरी मी नुसता उभा राहिलो. मुंबईची मुलं बाकं बडवून हसली.

नाताळच्या सुट्टीत रनाळ्याला घरी आलो. खळ्यात मिरच्या वाळत होत्या आणि माझी फुई, म्हणजे वडिलांची बहीण, देठं खुडत बसली होती. विधवा झाल्यापासून ती आमच्याकडेच असे. माझा पडलेला चेहरा पाहून तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "इतलंच? मंग मन्हासंगे बोल इंग्रजी."

"तुला काय कळणार, फुई?"

"म्हनीसनच तं सांगस. माले समजत नही, मंग मी हासू कसाले?"

रोज सकाळी तिच्यासमोर देठं खुडत मी इंग्रजीत बोलू लागलो. आधी बैलांबद्दल, मग कॉलेजबद्दल, मग नोकरी का हवी त्याबद्दल. मिरचीच्या खकाण्याने ठसका लागे, डोळ्यांतून पाणी वाहे. शब्द सापडेना की मी गप्प होई. फुई लगेच मान वर करी. "थांबना का? दुसरा शब्द लाव. बोलत ऱ्हाय." सुट्टी संपेपर्यंत मी तिच्याशी इंग्रजीत भांडूसुद्धा लागलो. ती अहिराणीतून उलट उत्तरं देई.

परीक्षा संपल्यावर सुरतेला मुलाखत होती. इंग्रज साहेबाने विचारलं, "गाडीला उशीर झाला आणि उतारू संतापले, तर काय कराल?"

हे मी पाठ केलंच नव्हतं. बोलायला लागलो आणि मधेच नेमका शब्द निसटला. मग दुसरा शब्द लावला आणि पुढे निघालो. उशिराचं खरं कारण सांगेन, बायकामुलांना सावलीत बसवीन, पाणी देववीन. साहेब अडवत गेला, मी उत्तरं देत गेलो. उतारूंना काही सांगूच नये, असं तो म्हणाला तेव्हा तर "नाही साहेब, तसं चालणार नाही," असंही म्हणून गेलो. तो मोठ्याने हसला आणि तिथेच म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून या."

घरी येऊन सांगितलं तेव्हा फुईने देठं तशीच टाकली आणि गुळाची ढेप उचलून गल्लीत निघाली. "मन्हा भाचा सायेबसंगे भांडना! इंग्रजीम्हा!" दारोदार तेच. मी तिला आवरलं नाही. उलट तिच्यामागून छाती काढून चालत होतो, आणि कुणी गुळाचा खडा घेताना विचारलं की सगळी हकिगत पहिल्यापासून सांगत होतो.