दाराआडचं मडकं

कोळवणच्या किशोरचं माती ऐकते, असं सगळं खोरं म्हणायचं. चिनी मातीनं मात्र त्याला पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पाडलं.

जान्हवीताई मूळच्या नागपूरच्या. हिंजवडीची नोकरी सोडून त्यांनी गावाबाहेरच्या फार्महाउसवर चिनी मातीच्या भांड्यांचा स्टुडिओ काढला आणि किशोरला बोलावून घेतलं. जन्मापासूनचा कुंभार, त्याला वाटलं यात शिकायचं काय डोंबल? पण ही पांढरी माती लोण्यासारखी मऊ. घरच्या तांबड्या मातीला जेवढा जोर लागे, तेवढ्यानं इथं वाडगा मुकाट्यानं खाली बसायचा. पाणी जरा जास्त झालं की संपलंच. एकदा कड वाकली म्हणून त्यानं बोटानं सरळ केली, तर भट्टीतून ती पुन्हा तशीच वाकडी निघाली. "मनात धरून ठेवती मेली," तो म्हणाला. चाळिशीतला माणूस, पण नव्या सुनेसारखा धास्तावून चाकावर बसायचा.

हळूहळू हात हलका झाला. वाडगा अर्धवट सुकला की चाकावर पालथा घालून तळ तासायचा, तेही जमू लागलं. दिवाळीनंतर स्टुडिओचं सगळं काम त्याच्यावर सोपवायचं ताईंनी बोलून दाखवलं. उरवड्याच्या कारखान्यात खोकी उचलून खांद्याचं वाटोळं करून घेतलेल्या माणसाला पुन्हा चाकावर पोट भरायला मिळणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक.

मग ठिपके आले. भट्टीतून निघालेल्या पांढऱ्याशुभ्र वाडग्यांवर तांबूस ठिपके. किशोर सकाळी घरी दोन-चार मडकी वळून मगच स्टुडिओत यायचा. साबणानं हात धुतले, नखं घासली, शर्ट बदलला, तरी ठिपके हटेनात.

"किशोरदादा, तांबडी माती तुमच्याबरोबर आत येतेय," ताई एकदा म्हणाल्या. "दोन्ही नाही चालणार. कुठली ठेवायची ते तुम्हीच ठरवा."

त्या रागावल्या नव्हत्या आणि खोटंही बोलल्या नव्हत्या. म्हणून तर त्याला जास्त लागलं. त्यानं घरचं चाक ताडपत्रीखाली झाकलं. त्याची बायको दिशा हिनं अंगण झाडून, धुऊन काढलं.

त्याच्या आईला, सारजाबाईला, यातलं काही आवडलं नाही. त्या घराची एक रीत होती. दाराआड एक कोरं मडकं कायम पालथं घातलेलं असायचं. गावात कुणी गेलं की त्या घरचा माणूस यायचा आणि न बोलता ते उचलून न्यायचा. त्याच आठवड्यात शेवटचं मडकं हैबतरावांसाठी गेलं होतं. त्यांचा मुलगा कैलास येऊन घेऊन गेला आणि दाराआडची जागा रिकामी झाली.

"तेवढं एक वळून ठिव," सारजाबाई म्हणाली. "कुंभाराचं दार मोकळं ठिवू न्हाई."

"ही भट्टी निघू दे आये. मग वळतो."

ती भट्टी निघाली, पुढचीही निघाली. म्हातारीनं आणखी एकदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. नुसती त्या जागेकडे बघत बसायची. किशोरला ते बघवेना, म्हणून तो मागच्या दारानं ये-जा करू लागला.

अखेर बिनठिपक्यांचे वाडगे निघाले. त्यातला एक त्यानं हौसेनं आईला दाखवायला आणला. तिनं तो हातात फिरवला, नखानं टिचकी मारली, कान देऊन ऐकला.

"वाजतुया चांगला," ती म्हणाली. "पर माझ्या कामाचा न्हाई."

त्यानं हसून ते उडवून लावलं. मार्गशीर्षात एका सकाळी सारजाबाई चहाचा कप हातात असतानाच गेली.

माणसं जमली. तिरडी बांधून झाली. कैलास रीतीप्रमाणं दाराआड गेला आणि तिथंच थांबला.

"किशोर, मडकं कुटं हाय?"

किशोरला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला गिळून टाकावं. कुणीतरी मोटारसायकलवर पौडच्या बाजारात जाऊन आणू का, म्हणून विचारलं. तेवढ्यात शेजारची साळूबाई पदराआड एक मडकं घेऊन आली. मागच्या उन्हाळ्यात तिनं ते किशोरकडूनच घेतलं होतं. मग घरात फ्रीज आला आणि ते माळ्यावर कोरंच पडून राहिलं.

ओढ्याकाठी ते पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन किशोरनं आईभोवती फेरे घातले. प्रत्येक फेऱ्याला कैलास दगडानं भोक पाडत होता आणि गार पाणी किशोरच्या पाठीवरून वाहत होतं. शेवटी किशोरनं मडकं मागं टाकलं. ते खणखणीत वाजलं आणि फुटलं.

त्यानंतर मागं वळून बघायचं नसतं. किशोरनं बघितलं. खापरं लालबुंद होती, आतपर्यंत एकसारखी भाजलेली. मडकं त्याच्याच हातचं होतं, पण ते त्यानं आईसाठी वळलेलं नव्हतं.