पंख्याचा टायमर

कोरियातल्या सोलमध्ये दुपारी डोळा लागला की घरमालकीण आजी हळूच येऊन माझ्या पंख्याला टायमर लावत. अर्ध्या तासात मी घामाने जागा होई. बंद खोलीत चालू पंखा झोपलेल्याचा जीव घेतो, असं तिथे अनेकजण मानतात.

"आमच्याकडे अख्खं गाव पंख्याखाली झोपतं, आजी," मी हसलो.

"तुमच्या खिडक्यांना फटी असतील," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा याच खोलीत गेला. टायमर लावायला मी विसरले होते."

त्याच्या उशाशी झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, हे मला शेजाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. आजींनीही ती पाहिली होती. माणूस आपल्याला पेलेल तेवढाच अपराध पत्करतो.

दुसऱ्या दुपारी मी झोपण्यापूर्वी हाक मारली, "आजी, टायमर लावलाय."